जुन्या मोटारीला पाचवा गिअर

फोर्ड कंपनीने ‘मस्टँग’ ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली. दिसावयास ऐटदार आणि किमतीने सामान्य पगारदाराच्या आवाक्यातील अशी ही गाडी अल्पावधीत लाखोंच्या संख्येने खपली. साठ वर्षे उलटून गेल्यावरही तिच्यापैकी पुष्कळ गाड्या धावत्या स्थितीत आहेत आणि त्यांचे मालक त्या केवळ पुसून-झटकून दारात उभ्या करून ठेवीत नाहीत. ते त्या लांबच्या प्रवासाला काढतात, आणि अडचण सुरू होते ती तेथेच. त्या काळी या गाडीला हाताने बदलावयाचे तीन किंवा चार गिअर असत. आजच्या महामार्गावर ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने इतर वाहनांबरोबर जावयाचे म्हटले, तर मागील आसाचे गुणोत्तर ३.५० असलेल्या मस्टँगचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेत राहते. तासन् तास तो घोष ऐकत बसावे लागते, शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर आवाज चढवावा लागतो आणि उतारूंपेक्षा इंजिनच अधिक थकते.

यावर उपाय म्हणून पुढील काळातील एखाद्या गाडीचा पाच गिअरांचा बॉक्स जुन्या गाडीत बसविण्याची रीत अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. या कामासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक वापरला गेलेला बॉक्स म्हणजे बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ‘टी-५’. हा बदल कसा करतात, त्यातून काय पदरी पडते आणि काय पडत नाही, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणजे काय ते पाहू. (या शब्दासाठी ‘अधिगती’ असा एखादा प्रतिशब्द घडविण्याचा मोह अनुवाद करताना मला झाला होता, परंतु गाडीच्या कुशीत शिरून काम करणाऱ्या एकाही माणसाला तो कळला नसता, म्हणून मूळ शब्दच ठेवला आहे.) चार गिअरांच्या जुन्या बॉक्समध्ये चौथा गिअर टाकला की इंजिनाकडून येणारा दंड आणि मागील चाकांकडे जाणारा दंड परस्परांशी सरळ जोडले जातात. इंजिनाचा एक फेरा म्हणजे बाहेरील दंडाचा एक फेरा. याला थेट गिअर म्हणतात. ओव्हरड्राइव्हच्या गिअरमध्ये याच्याही पुढची पायरी असते. तेथे इंजिनाने पाऊणच्या आसपास फेरा घेतला की बाहेरील दंडाचा एक फेरा पुरा होतो. टी-५च्या एका प्रसिद्ध प्रकारात हे गुणोत्तर ०.६८ आहे. गाडीचा वेग तोच राहतो, पण इंजिन तिसऱ्या हिश्श्याने कमी फिरते.

ही कल्पना नवी नव्हे. १९३४ साली क्रायस्लर व डी-सोटो यांच्या ‘एअरफ्लो’ गाड्यांना ओव्हरड्राइव्ह जोडलेला होता. पुढे पेट्रोल स्वस्त राहिले, इंजिने मोठी होत गेली, स्वयंचलित गिअरबॉक्सने लोकांना सुखाची सवय लावली आणि या युक्तीची गरज कोणाला भासेनाशी झाली. ती पुन्हा भासली १९७३च्या ऑक्टोबरात, तेलाच्या टंचाईने. १९७४ मध्ये अमेरिकेत महामार्गावरील वेगाची मर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर आणण्यात आली. १९७५च्या कायद्याने प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांनी एका गॅलनमध्ये सरासरी किती मैल धावले पाहिजे याचे बंधन घातले आणि १९७८च्या गाड्यांपासून ते लागू झाले. तेव्हा कारखानदारांना पाचव्या गिअरची आठवण झाली. टी-५ हे त्या निकडीचे अपत्य होय. १९८३ पासून तो मस्टँगमध्ये आला. शेव्हरोलेच्या ‘कॅमारो’ गाडीत आणि ‘एस-१०’ या लहान मालवाहू गाडीतही तो बसविला गेला. कोश ॲल्युमिनियमचा, वजन सुमारे ३४ किलो. १९९६ मध्ये त्याचे उत्पादन मेक्सिकोतील ट्रेमेक कंपनीकडे गेले. इतक्या प्रचंड संख्येने बनलेली वस्तू भंगाराच्या आवारांत विपुल सापडते, आणि तिच्या स्वस्ताईचे सारे रहस्य यातच आहे.

आपल्याकडील वाचकाला हा अनुभव परका वाटू नये. मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या ॲम्बॅसडर मोटारीला मुळात चारच गिअर असत आणि चौथा थेट असे. लहानपणी त्या गाडीतून घाट उतरून सपाटीला लागले की वडीलधारी माणसे पाचवा गिअर शोधत असल्यासारखा दांडा उगीच चाचपीत, हे मला आठवते. पुढे १९९०च्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने या गाडीला इसुझूचे १,८०० घनसेंटिमीटरचे इंजिन आणि त्याच्या जोडीला पाच गिअरांचा बॉक्स दिला. म्हणजे अमेरिकेत हौशी माणूस आपल्या अंगणात जे करतो, ते येथे कारखान्यानेच केले.

आता हिशेबाकडे वळू. हा हिशेब कागदावर मांडल्यावाचून कोणीही पान्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअरबॉक्स एकटा काहीच ठरवीत नाही; त्याच्या मागे डिफरन्शियल आहे आणि त्याच्या मागे चाक आहे. जुन्या मस्टँगचा टायर सुमारे ६४ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दोन मीटर पुढे जाते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला ८३३ फेरे घेते. या आकड्याला डिफरन्शियलच्या गुणोत्तराने गुणले की थेट गिअरमधील इंजिनाचे फेरे मिळतात. ३.५० गुणोत्तर असेल तर २,९१७, ३.०० असेल तर २,५००, २.८० असेल तर २,३३३. याला पुन्हा ०.६८ने गुणा. पहिल्या गाडीत पाचव्या गिअरवर १,९८३ फेरे येतात. इंजिनाला हे मानवते. दुसरीत १,७०० येतात. सपाट रस्त्यावर चालून जाते. तिसरीत मात्र १,५८७ येतात आणि येथे गोष्ट बिघडते. २८९ घनइंचांच्या साध्या व्ही-८ इंजिनाचा पिळण्याचा जोर सर्वाधिक असतो तो २,४०० फेऱ्यांना. सोळाशेच्या खाली ते किंचित चढ आला तरी गुदमरते, चालक चौथ्यावर येतो, आणि पैसे खर्चून आणलेला पाचवा गिअर शोभेचा होऊन बसतो. बहुतेक निराशा या एका गुणाकाराकडे दुर्लक्ष केल्यामुळे पदरी येते.

हाच हिशेब दुसऱ्या टोकालाही करावा लागतो. जुन्या चार गिअरांच्या फोर्ड बॉक्सच्या एका प्रकारात पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७८ होते. ३.०० च्या डिफरन्शियलशी त्याचा गुणाकार ८.३४. टी-५चा पहिला गिअर ३.३५चा, गुणाकार १०.०५. गाडी जागची पूर्वीपेक्षा हलकेच निघते, क्लच कमी घासला जातो. डिफरन्शियल ३.५०चे असेल तर हाच आकडा ११.७ होतो आणि तोही सोयीचा आहे. परंतु स्वस्त मिळाला म्हणून एखाद्याने एस-१०च्या चार सिलिंडरांच्या गाडीतील टी-५ आणला, तर त्याचा पहिला गिअर ४.०३चा असतो. ३.५०शी गुणाकार १४.१. इंजिनाचे ४,००० फेरे झाले तरी गाडी जेमतेम ताशी ३४ किलोमीटरला पोहोचते. जुन्या बॉक्सवर आणि ३.००च्या डिफरन्शियलवर तेवढ्याच फेऱ्यांना ती ५७ला पोहोचत असे. चौकात दिवा हिरवा झाला की चालकाने चौक ओलांडण्यापूर्वीच दुसरा गिअर टाकावा लागतो. शिवाय तो बॉक्स लहान इंजिनाच्या जोरासाठी बेतलेला असतो. मात्र त्याचा दांडा पुढे सरकलेला असतो, म्हणून पुढची बैठक सलग असलेल्या फार जुन्या गाड्यांत, सौम्य इंजिनाच्या मागे, लोक तो आवडीने बसवितात. कॅमारोचा बॉक्स मूळ गाडीत सतरा अंशांनी कललेला असतो. तो सरळ बसविला की दांडा एका बाजूस झुकतो. फोर्डच्या गाडीला फोर्डचाच बॉक्स घ्यावा, या सल्ल्यामागे अभिमान नसून भूमिती आहे.

किती जोर सोसेल हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९८५ ते १९८९ मधील मस्टँग व्ही-८च्या टी-५ची क्षमता २६५ पौंड-फूट सांगितली जाते. १९९० ते १९९३च्या बॉक्सची ३००. उलट साध्या २८९ इंजिनाचा जाहीर जोर २८२ पौंड-फूट. हे आकडे शेजारी ठेवले की घाबरावयास होते. पण १९७२ पूर्वीचे अमेरिकन आकडे इंजिन चाचणीच्या घोडीवर उघडेबोडके बसवून, पंखा व धुराड्याची नळी यांचा भार वगळून घेतलेले असत. गाडीत बसल्यावर तेच इंजिन बरेच कमी भरते. तेव्हा माफक इंजिन आणि समंजस पाय असेल तर टी-५ वर्षानुवर्षे टिकतो. शर्यतीची हौस असणाऱ्याने मात्र स्वस्ताईच्या वाटेला जाऊ नये. एक गोष्ट सर्वांनीच पाळावी : पाचव्या गिअरची चाके मुख्य कोशाच्या मागे, शेपटाकडील भागात बसविलेली असतात. चढावर पाचव्यातच ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटण्यापेक्षा चौथ्यावर यावे. तो थेट गिअर असल्याने त्यात दात्यांवर भारच पडत नाही.

भंगारातून बॉक्स निवडताना पहिल्याने शेपटाच्या बोल्टला अडकवलेली धातूची चकती पाहावी. तिच्यावर १३५२ या आकड्याने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यावरून तो कोणत्या गाडीचा, कोणत्या गुणोत्तरांचा हे कळते. चकती नसेल तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता दंड हाताने फिरवून फेरे मोजावेत. नंतर तेल काढून पाहावे. त्यात पितळी चुरा दिसला तर सिंक्रोनायझरच्या कड्या झिजल्या आहेत. पोलादाचे तुकडे दिसले तर तो बॉक्स तेथेच सोडून यावा. वरचे झाकण काढणे सोपे असते आणि दाते डोळ्यांनी पाहता येतात. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरकडे विशेष लक्ष द्यावे. मस्टँग व्ही-८मध्ये १९८५ पासून आलेल्या सुधारलेल्या प्रकाराला जाड गिअर ऑइल चालत नाही. त्याच्या कड्यांना स्वयंचलित बॉक्सचे पातळ तेलच लागते, सुमारे २.६ लिटर. जुन्या जाणत्या मेकॅनिकांनी सवयीने जाड तेल ओतून चांगले बॉक्स जड करून ठेवल्याची उदाहरणे घडतात.

आता बसविण्याचे काम. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचा ओतीव कोश असतो. त्याला बेल हाउसिंग म्हणतात. त्याच्या पोटात फ्लायव्हील व क्लच राहतात. १९६४च्या उन्हाळ्यापर्यंतच्या अगदी पहिल्या व्ही-८ इंजिनांना हा कोश पाच बोल्टांनी जोडलेला असे, नंतरच्यांना सहा. पाच बोल्टांचे इंजिन असेल तर १९८०च्या दशकातील बेल हाउसिंग त्याला लागत नाही, हे आधी गाडीखाली वाकून मोजावे.

सर्वांत घातक चूक होते ती फ्लायव्हीलची. फोर्डच्या या लहान व्ही-८ इंजिनांत क्रँकशाफ्टचा तोल पुरता साधलेला नसतो. उरलेला तोल फ्लायव्हीलवर आणि पुढच्या पुलीवर मुद्दाम एका बाजूस ठेवलेल्या वजनाने साधतात. १९८०च्या सुमारापर्यंतच्या इंजिनांत हे माप २८ औंस-इंच होते. त्यानंतरच्या ३०२ इंजिनांत ते ५० झाले. दोन्ही फ्लायव्हील दिसावयास सारखी आणि बोल्टांची भोकेही सारखी. भंगारातील गाडीवरून बॉक्स, कोश, क्लच व फ्लायव्हील असा सारा संच स्वस्तात मिळाला म्हणून माणूस हरखतो, १९६६च्या इंजिनाला ते ५०चे फ्लायव्हील बसवितो आणि गाडी सुरू करताच ती थरथरू लागते. तो गिअरबॉक्सला दोष देतो, टेकूचे रबर बदलतो, दंडाचे जोड तपासतो. इकडे क्रँकशाफ्टची बेअरिंगे खराब होत असतात. स्वस्तातल्या बॉक्सपायी इंजिन उघडण्याची वेळ येते ती अशी. फ्लायव्हील इंजिनाच्या वयाचे घ्यावे आणि क्लचची चकती गिअरबॉक्सच्या दंडावरील खाचांना जुळणारी घ्यावी, म्हणजे फसगत होत नाही.

दुसरी गोष्ट केंद्राची. बेल हाउसिंगचे मागचे भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. फ्लायव्हीलला डायल गेज अडकवून इंजिन हाताने एक फेरा फिरवितात; काट्याची एकूण हालचाल इंचाच्या पाच हजारांशांत, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत असावी. अधिक असेल तर तिरक्या खुंट्या घालून ती आणावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, ते बाहेरून दिसत नाही आणि म्हणून बहुतेक जण टाळतात. परिणाम वर्षभराने दिसतो : गिअर अडखळू लागतो, पायलट बुश झिजते, पुढचे बेअरिंग गुणगुणू लागते.

क्लचचा दुवा हीदेखील डोकेदुखीच. जुन्या मस्टँगमध्ये पेडलपासून निघालेल्या सळ्या मध्यावरील एका आडव्या दांड्याद्वारे क्लचच्या फोर्कला मागे ढकलतात. १९८०च्या दशकातील गाडीत तारेची केबल त्याला पुढे ओढते. नव्या कोशाला जुन्या सळ्या लावावयाच्या तर दिशाच उलटी. एकतर पेडलला केबल जोडावी, किंवा या बदलासाठीच बनविलेला, जुन्या सळ्यांना मानवणारा कोश घ्यावा. गिअरबॉक्सखालचा आडवा टेकू नव्या जागी न्यावा लागतो. त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात. प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागेल की नाही, हे बॉक्स जागी बसविल्यावर मोजूनच ठरवावे. पुढचे सरकते टोक पूर्ण आत गेल्यावर वीस ते पंचवीस मिलिमीटर मोकळे राहावे आणि दोन्ही टोकांच्या जोडांचे कोन परस्परांना फेडणारे असावेत, नाहीतर ठरावीक वेगाला गाडी गुरगुरते.

हे सारे गाडीखाली निजून करावयाचे असते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडी चार भक्कम घोड्यांवर ठेवल्यावाचून खाली शिरू नये आणि बॉक्स कधीही एकट्याने छातीवर घेऊन वर ढकलू नये. चौतीस किलो हे वजन ऐकावयास हलके आहे. उताणे पडून दंड क्लचच्या खाचेत नेमका घालावयाचा असतो तेव्हा ते हलके राहत नाही.

वेगदर्शकाच्या काट्याला बहुधा सर्वांत शेवटी आठवतात. अमेरिकन वेगदर्शकाची तार एका मैलात हजार फेरे घेते. आपला टायर मैलाला सुमारे ८०५ फेरे घेतो. बॉक्समधील चालक चाकाला सात दाते असतील आणि डिफरन्शियल ३.०० असेल, तर ७ गुणिले ३ गुणिले ०.८०५ म्हणजे जवळजवळ सतरा दात्यांचे चाक तारेला लावावे, ३.५०ला वीस दात्यांचे. प्लॅस्टिकचे हे चिमुकले चाक अल्प किमतीत मिळते. ते न बदलल्यास काटा खोटा वेग दाखवितो आणि दंड भरावा लागतो तो मालकाला.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. पेट्रोल वाचावे म्हणून हा खटाटोप करणाऱ्याने जरा थांबावे. ठरावीक वेगाने वारा कापावयास जी शक्ती लागते ती पाचव्या गिअरमुळे कमी होत नाही. कमी होते ते इंजिनाचे आतले घर्षण आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्याचे श्रम. बचत खरी आहे, पण माफक. समजा, गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर धावते, त्यांतील निम्मे महामार्गावर, लिटरला आठ किलोमीटर या दराने. महामार्गाचे पेट्रोल झाले ३१२ लिटर. त्यातला दहावा हिस्सा वाचला असे धरले तरी वर्षाला एकतीस लिटर. कोश, क्लच, फ्लायव्हील, टेकू, केबल आणि कदाचित नवे डिफरन्शियल या साऱ्यांचा खर्च बॉक्सच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो, आणि एकतीस लिटरांनी तो फिटत नाही. जे मिळते ते निराळे आहे : दिवसभर गाडी चालवून उतरल्यावर कानांत गुंजन नाही, इंजिन वाजवी तापमानावर, आणि आजवर जी गाडी गावापुरती होती ती दोन राज्ये ओलांडून जाऊ शकते. ज्याला हे हवे आहे त्याने खर्च करावा. ज्याची गाडी रविवारी बाजारापर्यंतच जाते त्याने जुन्याच बॉक्सला नव्या कड्या घालाव्यात.

आणखी एक पथ्य. गाडीच्या तळाचा पत्रा कापू नये. जुन्या मस्टँगमध्ये फोर्डच्या टी-५चा दांडा मूळ भोकाच्या जवळपासच येतो, म्हणून कापण्याची गरज सहसा पडत नाही; पडतेच आहे असे वाटले तर चुकीचा बॉक्स निवडला आहे असे समजावे. काढलेला मूळ बॉक्स, त्याचा कोश, सळ्या आणि सारे बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून, कोरड्या जागी एका पेटीत ठेवावेत. खर्च भरून काढण्यासाठी ते विकून टाकण्याचा मोह होतो. पण पुढचा मालक ती गाडी मूळ रूपात नेऊ इच्छील तेव्हा तिच्याच अंगचा तो बॉक्स कोणत्याही भंगारात सापडणार नाही.

बॉक्स बसविल्यावर पहिले काही शेकडा किलोमीटर सौम्यपणे चालवून तेल बदलावे, बेल हाउसिंगचे व प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा ताणून पाहावेत आणि मगच गाडी महामार्गाला लावावी.